कॉल करणाऱ्या वहिनींच्या बाजूने

घरगुती पोकर टूर्नामेंटमधून लवकर बाहेर पडलेला माणूस हातात प्लेट घेऊन सोफ्यावर येतो आणि समोर जो असेल त्याला आपला शेवटचा डाव ऐकवतो. ‘एक्क्यांची जोडी होती माझ्याकडे. चांगलं तगडं रेझ केलं. वहिनींनी कॉल केला, आणि कशावर? सत्ती-तिर्री! फ्लॉपला सत्ती, रिव्हरला तिर्री. आता यांच्याशी काय खेळायचं?’ ऐकणारा च्‌च्‌ करतो. एकीकडे दोन पुस्तकं वाचलेला, यूट्यूबवर तासन्‌तास डाव पाहिलेला खेळाडू आणि दुसरीकडे फ्लश मोठा की स्ट्रेट हे दर डावाला विचारणाऱ्या वहिनी. सहानुभूती कुठे जाणार हे ठरलेलंच असतं. मला ती वहिनींकडे वळवायची आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा खेळ आता चांगला रुळला आहे. थँक्सगिव्हिंगची लांब सुट्टी किंवा दिवाळीच्या मागचा-पुढचा शनिवार, दहा माणसं, प्रत्येकी वीस डॉलर, टेक्सास होल्डेम, पहिल्या तिघांना बक्षीस. आणि टेबलावर एक तरी तक्रारदार. त्याचं म्हणणं असं, की नवखे लोक कशावरही कॉल करतात, त्यामुळे कौशल्याला किंमत उरत नाही. ते काय करतील याचा नेम नसतो. आणि खऱ्या, जाणकार खेळाडूंत बसवलं तर आपण याहून बरे खेळू. या सगळ्यात मिळून खरं एवढंच आहे की तो हरला.

एक्क्यांपासूनच सुरुवात करू, कारण तक्रारीचे साक्षीदार नेहमी तेच असतात. हातात पडू शकणाऱ्या दोन पत्त्यांच्या 1,326 जोड्यांपैकी सहा एक्क्यांच्या, म्हणजे सरासरी 221 डावांत एकदा. समोर एकच जण कुठलेही दोन पत्ते घेऊन आला तर ही जोडी सुमारे 85 टक्के वेळा जिंकते. समोर पाच जण कुठलेही पत्ते घेऊन आले तर आकडा 49 टक्क्यांवर येतो. इथे तक्रारदार टाळीसाठी हात पुढे करतो: बघा, जगातली सर्वांत भारी जोडी आणि निम्म्याहून कमी वेळा जिंकते, हेच तर मी म्हणतोय!

आता पुढचं ऐका. पहिल्याच डावात एक्के आले आणि सगळ्या चिप्स मध्ये गेल्या असं धरा. एकानं कॉल केला तर 85 टक्के वेळा तुमच्या चिप्स दुप्पट होतात. पाचांनी केला तर 49 टक्के वेळा सहापट होतात. टूर्नामेंटमध्ये सहापट चिप्स म्हणजे सहापट पैसे नव्हेत, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पैशांतच मोजू. दोनशे डॉलर जमले, बक्षिसं 100, 60 आणि 40. ज्याच्याकडे जेवढ्या चिप्स त्या प्रमाणात त्याला पहिला येण्याची संधी, मग उरलेल्यांत त्याच प्रमाणात दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबराची, असा हिशेब इंडिपेंडंट चिप मॉडेल या नावानं चालतो. त्यानुसार टेबलावरच्या दहा वाट्यांपैकी सहा वाटे राखून असलेल्या माणसाची किंमत 80 डॉलर निघते, दोन वाटेवाल्याची सुमारे 37. त्यांना 49 आणि 85 टक्क्यांनी गुणा. पाच कॉल करणाऱ्यांपुढे तुमच्या वीस डॉलरचे 39 होतात, एका कॉल करणाऱ्यापुढे 31. आणि सगळ्यांनी पत्ते टाकले, म्हणजे तक्रारदाराच्या मनासारखं झालं, तर दोन ब्लाइंडच्या चिल्लर चिप्स मिळतात आणि वीसाचे जेमतेम वीसच राहतात.

म्हणजे वहिनी, काका आणि तिघे मित्र अशा पाचही जणांनी कॉल करावा, हेच तुमच्या फायद्याचं. त्यात तुम्ही जास्त वेळा बाहेर पडाल आणि तरी जास्त कमवाल. बुद्धीला हे पटतं, मनाला पटत नाही. कारण सत्ती-तिर्रीचा डाव वर्षभर लक्षात राहतो, आणि त्याच वहिनींनी राजा-दुर्री, नव्वी-चव्वी, गुलाम-पंजी धरून आपल्याला दिलेल्या चिप्स त्याच रात्री विसरल्या जातात. शिवाय त्या कधीच जिंकल्या नसत्या तर पुढच्या शनिवारी आल्या असत्या का?

तक्रारदाराच्या बाजूनं जे सर्वांत भक्कम बोलता येतं ते तो स्वतः क्वचितच बोलतो, म्हणून मीच मांडतो. डेव्हिड स्क्लॅन्स्की यांच्या ‘द थिअरी ऑफ पोकर’मध्ये पोकरचं मूलभूत प्रमेय आहे: तुमचे पत्ते दिसत असते तर प्रतिस्पर्धी जसा खेळला असता त्याहून तो वेगळा खेळला, की फायदा तुमचा. दोघांच्या लढतीत हे बिनतोड आहे. पण तीन-चार जण पॉटमध्ये असले की त्याला एक भोक पडतं आणि ते मॉर्टनचं प्रमेय म्हणून ओळखलं जातं. चुकीचा कॉल करणाऱ्याचा सगळा तोटा तुमच्या खिशात येत नाही; त्यातला काही दुसऱ्या कॉल करणाऱ्याकडे जातो, आणि कधी कधी तर त्याच्या चुकीमुळे तुमचंच उत्पन्न घटतं. उदाहरणार्थ, फ्लॉपवर तुमच्याकडे एक्क्यांची एक जोडी झाली. एकाला बदामाचा पाचवा पत्ता हवा आहे. दोन पत्ते यायचे असताना तो सुमारे 35 टक्के वेळा येतो. दुसऱ्याकडे लहान जोडी, त्याला पाच पत्ते तारू शकतात. तिसऱ्याला स्ट्रेटच्या मधला एकच नंबर हवा आहे, तो सुमारे 16 टक्के. प्रत्येक जण एकटा तुमच्या मागे आहे, पण तिघे मिळून तुम्हाला निम्म्याहून जास्त वेळा बुडवतात. नकळत केलेली युतीच ही.

मान्य. पण उत्तरही त्याच उदाहरणात आहे. नव्यानं लागणाऱ्या दर चार चिप्समध्ये तुमची एक असते आणि पॉट तुम्ही दहांत चारदा नेता. चारातला एक वाटा देऊन दहातले चार वाटे घ्यायचे, याला तोटा कोण म्हणेल? शिवाय घरचा खेळ बहुधा नो-लिमिट असतो, किती लावायचं ते तुमच्या हातात असतं. तरीही तक्रारदार काय करतो? व्हिडिओत पाहिलं म्हणून पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढी नाजूक बेट लावतो, तिघांना स्वस्तात पुढचा पत्ता दाखवतो, आणि रिव्हरला बदाम आला की दैवाला दोष देतो. नवखा माणूस रकमेकडे फारसं पाहत नाही. त्याला कॉल करायचा असेल तर तो शंभरलाही करतो आणि तीनशेलाही. मग तीनशे का नाही लावत?

त्याच टेबलावर दुसऱ्या प्रकारचे पत्तेही मोलाचे होतात, याकडे तो बघतही नाही. पंज्यांची किंवा छक्क्यांची लहान जोडी हातात असली तर फ्लॉपवर तिसरी सोबतीला येण्याची शक्यता सुमारे 12 टक्के. जाणकारांच्या टेबलावर ती आली तरी समोरचे सावध होऊन पत्ते टाकतात आणि हाती फार लागत नाही. घरच्या टेबलावर आठदा स्वस्तात पत्ते टाकून नवव्यांदा सगळा ढीग उचलता येतो, कारण एक राजा दिसला की काका मागे हटत नाहीत. अट एवढीच, की तुमच्यापुढे आणि त्यांच्यापुढे चिप्स भरपूर हव्यात, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांत. नंतर हा व्यापार बंद.

आता ब्लफ. इथे मला तक्रारदाराची कीव येते, कारण पोकरवर त्याचं प्रेम जडलं ते बहुतेक ब्लफमुळेच. 2003च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये ख्रिस मनीमेकर हा टेनेसीचा हौशी अकाउंटंट 838 खेळाडूंना मागे टाकून पंचवीस लाख डॉलर जिंकला, आणि शेवटच्या लढतीत त्यानं सॅमी फारहा या मुरलेल्या व्यावसायिकाला फसवलं तो डाव आजही दाखवला जातो. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. पाचही पत्ते उघडले तरी त्याची जोडीसुद्धा झाली नव्हती. त्यानं सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. फारहाकडे नव्व्यांची जोडी होती, टेबलावर नव्वीहून मोठा पत्ता नव्हता. तो बराच वेळ विचार करत बसला आणि त्यानं पत्ते टाकले.

हा डाव आपल्या वहिनींसमोर मांडून बघा. नव्व्यांची जोडी झाली आहे, टेबलावर नव्वीच सर्वांत मोठी आहे. त्या एवढा वेळ घेतील का? ‘माझी जोडी आहे’ म्हणतील, चिप्स पुढे करतील आणि मनीमेकर घरी जाईल. फारहा फसला, कारण त्याला विचार करता येत होता: तीन इस्पिक दिसत आहेत, स्ट्रेटही संभवतो, समोरचा डावभर जोरात आला आहे. ब्लफ ही समोरच्याच्या मनात रचायची गोष्ट आहे, आणि जो ऐकतच नाही त्याला गोष्ट सांगण्यात काय हशील? हिशेबही सरळ आहे. पॉटएवढी रक्कम लावून ब्लफ केला तर तो निम्म्या वेळा तरी चालायला हवा. जो माणूस पाचात एकदाच पत्ते टाकतो त्याच्यापुढे असा प्रत्येक ब्लफ सरासरी पॉटच्या 60 टक्के तोटा देतो. तरी तो करत राहायचा आणि वर म्हणायचं की कौशल्याला किंमत नाही. कौशल्य तो डाव गिळण्यात होतं.

‘पण थिअरीनुसार ठरावीक प्रमाणात ब्लफ करावाच लागतो’ असं म्हणणारे हल्ली वाढले आहेत. थिअरी खोटी नाही. 2017च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या प्रोग्रामनं पिट्सबर्गच्या कॅसिनोत चार व्यावसायिकांना एक लाख वीस हजार डावांत हरवलं, ते समतोलाच्या याच थिअरीवर. पण समतोल म्हणजे काय हे समजून न घेता तो जेवणाच्या टेबलावर आणण्यात अर्थ नाही. 1999 साली अल्बर्टा विद्यापीठात पोकरवर संशोधन करणाऱ्या डार्स बिलिंग्ज यांनी दगड-कागद-कात्री खेळणाऱ्या प्रोग्रामांची स्पर्धा भरवली. त्या खेळात समतोल सोपा: तिन्ही खुणा सारख्या प्रमाणात, कसलाही क्रम न ठेवता दाखवायच्या. असं खेळणाऱ्याला कोणी हरवू शकत नाही, पण तोही कोणाला हरवत नाही. बिलिंग्ज यांनी स्पर्धेत मुद्दाम काही कच्चे प्रोग्राम सोडले होते, म्हणजे दुसऱ्याची सवय हेरून तिचा फायदा घेणाऱ्याला बक्षीस मिळावं. जिंकला तो सवयी हेरणारा ‘आयोकेन पावडर’ नावाचा प्रोग्राम. समतोलवाला मधोमध राहिला. पोकर इतकं साधं नाही, तिथे समोरच्याच्या ढोबळ चुकांचे पैसे समतोलवाल्यालाही मिळतात. पण कमाल मिळत नाहीत, आणि घरगुती टूर्नामेंटमध्ये सगळी मिळकत त्या चुकांतच आहे.

मग येतो ‘नेम नसतो’ हा आरोप. मला तो सर्वांत पोकळ वाटतो. वहिनींच्या हातात कोणते पत्ते आहेत याचा नेम नसतो, हे खरं. त्या काय करतील याचा मात्र पक्का नेम असतो. त्या कॉल करतील. पोकरमध्ये याहून मोलाची माहिती कुठली? (वहिनी हा शब्द तक्रारदाराचा. माझ्या पाहण्यात सर्वांत चिवट कॉल करणारे साडूच निघाले आहेत.)

आपल्या लोकांच्या बाबतीत तर चुकांचा उगमही दिसतो. बहुतेक जण तीन पत्तीवर वाढलेले. तिथे पैसे मोजून ‘शो’ मागणं हाच खेळातला रस, पत्ते न बघता ब्लाइंड चाल करणं ही मर्दुमकी, आणि पॅक करणं म्हणजे शेपूट घालणं. तोच माणूस होल्डेमला बसला की रिव्हरच्या कॉलला शो समजतो. त्याहून महत्त्वाचं, तीन पत्तीत सिक्वेन्स कलरहून मोठा असतो, आणि तेही बरोबरच आहे: तीन पत्त्यांच्या 22,100 जुळण्यांत साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांत गणित उलटतं. स्ट्रेट 10,200 आणि फ्लश 5,108. पण हातांत मुरलेली सवय कागदावरच्या तक्त्यानं जात नाही. टेबलावर एकाच रंगाचे चार पत्ते दिसत असतानाही स्ट्रेट झालेला आपला माणूस निर्धास्त बसतो. तुमच्याकडे फ्लश असेल तर आणखी काय हवं? अशा माणसाला ‘अनाकलनीय’ म्हणणं ही आकलनाची हयगय आहे.

हाच गप्प कॉल करणारा माणूस रात्रभरात पहिल्यांदा रेझ करतो तेव्हाही तो स्वच्छ बोलत असतो. त्याच्याकडे किमान दोन जोड्या आहेत. तुमचे एक्के टाका. तक्रारदार ते टाकत नाही, कारण ‘याला काय कळतंय’ असं त्यानं आधीच ठरवलेलं असतं.

खरोखर बेभरवशाचा असतो तो दुसऱ्या जातीचा, दर दुसऱ्या डावाला सगळ्या चिप्स ढकलणारा भाचा. त्याच्यापुढे मी सांगितलेलं बरंचसं लागू नाही. त्याला रेझ करून घाबरवायचं नसतं, त्याला लावू द्यायचं असतं. खरोखर कुठल्याही दोन पत्त्यांवर ऑल-इन करणाऱ्यापुढे राणी-सत्तीसारखे मधले पत्तेही निम्म्याहून किंचित जास्त वेळा जिंकतात, पण तेवढ्यावर टूर्नामेंट पणाला लावू नये. अठ्ठ्यांची जोडी मात्र सुमारे 69 टक्के वेळा जिंकते, तेव्हा कॉल करावा आणि हरलं तर उठावं. बसायला त्याच्या डावीकडची खुर्ची मिळाली तर उत्तम, म्हणजे त्यानं काय केलं ते पाहून तुम्हाला ठरवता येतं. चिठ्ठ्या टाकून जागा ठरत असतील तर तोही नशिबाचा भाग.

आणि ‘मला बलवान खेळाडूंत बसवा’? बसा की. गोव्यात मांडवीच्या पात्रात तरंगत्या कॅसिनोंमध्ये पोकरची टेबलं आहेत. तिथे कॅसिनोचा वाटा आधी कापला जातो. साडूंच्या बेसमेंटमध्ये जमलेले दोनशेचे दोनशे वाटले जातात. कॅसिनोतला माणूस तुमच्या एक्क्यांपुढे पत्ते टाकेल, तुमचा मान राखेल, आणि तुम्हाला काहीही देणार नाही. तुमचा ब्लफ तेवढा ओळखेल. तक्रारदाराला हवे असतात ते त्याच्याहून थोडेसेच कच्चे लोक, जे त्याच्या बेटचा अर्थ लावतील आणि घाबरतील. वर्ल्ड सिरीजची सतरा ब्रेसलेट जिंकलेला फिल हेल्मुथसुद्धा हौशी खेळाडूंच्या कॉलवर कॅमेऱ्यासमोर थयथयाट करतो, पण त्यानं त्या स्पर्धांत बसणं काही सोडलेलं नाही.

अपेक्षा किती ठेवावी, हेही कोणी सांगत नाही. दहा जणांत सगळे सारखे असतील तर पहिला येण्याची संधी दहा टक्के. तुमची संधी याच्या दुप्पट आहे असं धरू, आणि ही मोठी बढाई झाली; तरी पाचांपैकी चार रात्री दुसराच कोणी जिंकणार. दर महिन्याला एक याप्रमाणे वर्षभर खेळून एकदाही पहिलं न येण्याची शक्यता, एवढं चांगलं खेळूनही, सात टक्के उरते. एका शनिवारच्या निकालावरून सिद्धांत मांडणाऱ्यानं निदान एवढा हिशेब करावा.

त्याची एक गोष्ट मात्र खरी आहे: उत्तररात्री त्या टेबलावर कौशल्याला वाव उरत नाही. त्याचं कारण तपासू. प्रत्येकाला 1,500 चिप्स, ब्लाइंड 25 आणि 50, दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. हा तक्ता फार लोकप्रिय आहे. 1995 साली वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या डॅन हॅरिंग्टन यांनी टूर्नामेंटसाठी ‘एम’ हे माप रूढ केलं: तुमच्या चिप्स भागिले एका फेरीचा ब्लाइंडचा खर्च. एम पाचावर आला की खेळ संपतो, उरतं फक्त ऑल-इन किंवा फोल्ड. आपल्या टेबलावर सुरुवातीला 1,500 भागिले 75, म्हणजे एम 20. हातानं पिसून, वाटून, मधेच बटाटेवड्यांची बशी फिरवत तासाला वीस डाव झाले तरी खूप. पंधरा मिनिटांत पाच डाव. अर्ध्या तासात दहा डाव होतात, म्हणजे ब्लाइंड टेबलाभोवती जेमतेम एकदा फिरतो, आणि तोवर तो 100 आणि 200 झालेला असतो. एक डावही न हरलेल्या माणसाचा एम पाच. त्यापुढे जे होतं ते नाणेफेक. 5,000 चिप्स द्या, ब्लाइंड पंचवीस मिनिटांनी आणि दीडपटीनं वाढवा, तर एम 67 पासून सुरू होतो आणि लहान जोड्या, मोठ्या बेट, धीर या सगळ्याला दोन तास मिळतात. पण 1,500 चिप्सचा तो तक्ता वहिनींनी केलेला नसतो. तो बहुतेक तक्रारदारानंच कुठून तरी उतरवून ग्रुपवर टाकलेला असतो, लवकर आटपावं म्हणून.